शेवटचं किती ते सांगा

पेडण्याच्या बाजारात माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये फुलाफुलांचा एक पडदा. पडद्याच्या अलीकडे बाबा गिऱ्हाइकांना कापड दाखवत, पलीकडे आईचा स्वयंपाक चालायचा. गिऱ्हाइकाने एखादा तागा पसंत करून भाव विचारला, की बाबा जरा विचारात पडल्यासारखं करत आणि मान वळवून हाक मारत, "अगो, हें कितल्याक आयलां आमकां?" म्हणजे, अगं, हे केवढ्याला पडलं आपल्याला?

आत आई मासळी साफ करत असो की भाकरी थापत असो, तिथूनच एक आकडा सांगायची. कापड कुठलं, ते तिला दिसत नसे. पण त्यांचं ठरलेलं होतं. बाबा नुसतं "अगो" म्हणाले तर साधं सुती, "अगो, आयकलें?" म्हणाले तर पँटचं कापड आणि हाक मारण्याआधी खाकरले तर लग्नाचं गिऱ्हाईक. आईचा आकडा ऐकून बाबांचा चेहरा उतरायचा. "बघा," ते गिऱ्हाइकाला सांगत, "आमची खरेदीच एवढी आहे." मग घासाघीस व्हायची, गिऱ्हाईक उठायचं, उंबऱ्यापर्यंत जायचं, बाबा त्याला परत बोलवायचे आणि शेवटी जो भाव ठरायचा तो सकाळी दुकान उघडतानाच बाबांच्या मनात असायचा.

यात आपण कुणाला फसवतो असं बाबांना कधी वाटलं नाही. दुकान बंद करताना ते एकदा मला म्हणाले होते, "एकच भाव सांगून बघितला मी पूर्वी. लोक कापड घेत, पण तोंड पाडून जात. आता बघ, हसत जातात." आणि हे खरं होतं. आमच्या दुकानातून माणसं कापडाची पिशवी काखेत मारून अशी बाहेर पडत, की जणू बाबांची गादीच जिंकून चालली आहेत.

माझं बी.एड. संपून मी घरी होते तेव्हाची गोष्ट. सावंतवाडीला मावसभावाचं लग्न होतं म्हणून आई चार दिवस तिकडे गेली. पडद्यामागचं काम माझ्याकडे आलं. दुपारी दुकानात एक तरुण आला. मला त्याचा नुसता आवाज ऐकू येत होता. पँटचं कापड दाखवा म्हणाला. बाबांनी तागे उलगडले. त्याने एक करडा तागा निवडला आणि भाव विचारला. दुर्दैवाने त्या क्षणी बाबांना खरोखरच खोकला आला. मी लग्नाचं गिऱ्हाईक समजून शालूला शोभेल असा आकडा सांगितला.

बाबांना तो आकडा मागे घेता येईना, कारण त्यांच्या घरच्यांनीच तो सांगितला होता. तरुणाने तो ऐकला, पण उठून गेला नाही. "बरं," तो म्हणाला, "आता शेवटचं किती ते सांगा."

पुढे जे सुरू झालं ते उन्हं कलेपर्यंत चाललं. त्याने कापड उजेडात नेऊन पाहिलं, किनार चुरगाळली, सूत ओढून बघितलं. मध्ये तो दोनदा बाहेर गेला आणि दोन्ही वेळा बाबांनी हाक मारायच्या आत स्वतःच परत आला. बोलता बोलता बाबांनी त्याची माहिती काढून घेतली. डिचोलीजवळच्या सर्वणचा, घरी माड-पोफळी, नोकरी खाण कंपनीच्या वाहतूक खात्यात, ट्रकचे टायर बघायला पेडण्याला आलेला. मी कोकम सरबत करून पडद्याबाहेर धरलं. तो ते प्यायला, छान आहे म्हणाला आणि पुन्हा भावावर आला. सरतेशेवटी त्याने ते कापड मिळवलं. एरवी आम्ही विकायचो त्यापेक्षा थोडं महागच पडलं त्याला.

तो गेल्यावर बाबा आत आले आणि पाटावर बसले. ते दमले होते. "असा माणूस गिऱ्हाईक म्हणून परवडायचा नाही," ते म्हणाले. "घरचा झाला तर बरं."

मला वाटलं, ते गमतीने म्हणतायत. पण आई परत आल्यावर त्यांनी सर्वणात चौकशी केली, तिकडून माणसं आली आणि पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवऱ्याने लग्नात त्याच कापडाची पँट घातली होती. सासऱ्याला आपण लग्नाआधीच पाणी पाजलं, ही गोष्ट तो तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी कधी मध्ये बोलले नाही. मला कुणी विचारलंही नाही.

आम्ही डिचोलीत बिऱ्हाड केलं. मला हायस्कुलात नोकरी लागली. डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो आणि बुधवार हा माझ्या नवऱ्याच्या आठवड्यातला सणाचा दिवस. कामावर उशिरा जायची परवानगी त्याने कायमची काढून ठेवली होती. बाजारातल्या बायका त्याला लांबून ओळखत. तो येताना दिसला की तांबड्या भाजीची जुडी दोन रुपयांनी चढायची, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तो घासाघीस करून ती दोन रुपयांनी उतरवायचा. मग दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागत. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या वेळी, तर त्याला जेवणखाण सुचत नसे. सुक्या बांगड्यांसाठी तो एका दुकानातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जायचा आणि अखेर पहिल्याकडेच घ्यायचा.

दुकानात पाटी असली की त्याला विशेष चेव येई. "एकच भाव" अशी पाटी तो दुकानदाराने सुरुवात केली आहे, असं समजूनच वाचायचा. पणजीला काचेच्या मोठ्या दुकानात एकदा त्याने बुटांच्या जोडावर सूट मागितली. तिथल्या मुलीने छापलेली किंमत दाखवली. त्याने मॅनेजरला बोलवायला सांगितलं. मॅनेजर आला, त्याने संगणक दाखवला, संगणकात सूट बसतच नाही म्हणाला. मी आमच्या लहान मुलीचा हात धरून मोज्यांच्या रांगेकडे गेले आणि आम्ही दोघी या माणसाच्या कुणी नाही असा चेहरा करून उभ्या राहिलो. अर्ध्या तासाने नवरा बूट आणि एक पायपुसणं घेऊन आला. पायपुसणं दुकानातलंच होतं, दाराजवळचं. मॅनेजरने ते सवलतीऐवजी दिलं होतं. आमच्या घरी ते पुष्कळ वर्षं टिकलं.

पुढे खाणी बंद पडल्या आणि नवऱ्याची नोकरी वेळेआधीच संपली. पोट भरायची चिंता नव्हती, माझा पगार होता, सर्वणची बागायत होती. पण कंपनीसाठी टायर, डिझेल, सुटे भाग यांचे भाव पाडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि आता भाव पाडायला उरली फक्त भाजी. त्यात मुलीने त्याला फोनवर खरेदी करायला शिकवलं. सुरुवातीला तो फार नाराज झाला. फोनवर बोलायला माणूसच नाही. मग एकदा त्याने मिक्सर पसंत केला, टोपलीत टाकला आणि रागाने तसाच सोडून दिला. दोन दिवसांनी फोनवर निरोप आला, तुम्ही विसरलेल्या वस्तूवर खास सूट. नवऱ्याने तो निरोप मला मोठ्याने वाचून दाखवला. "उंबऱ्यापर्यंत गेलो," तो म्हणाला, "आणि त्याने परत बोलवलं." त्यानंतर आमच्या घरी कुठलीच वस्तू पहिल्या दिवशी आली नाही.

मुलगी लग्न होऊन लिस्बनला गेली. जावई तिथे संगणकाच्या नोकरीत आहे. मी निवृत्त झाल्यावर तिने आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही मोपाहून निघालो. माझ्या माहेरच्या तालुक्यात आता विमानतळ आहे आणि पेडण्याच्या बाजारात पूर्वी कापडाचा भाव चालायचा, तिथे जमिनीचा चालतो. विमानतळावर नेणाऱ्या टॅक्सीवाल्याशी नवरा डिचोलीपासून मोपापर्यंत बोलत होता. भाडं आधीच ठरलेलं होतं. तो परतीचं ठरवत होता.

लिस्बनला पोचल्यावर दोन-तीन दिवस तो भलताच खुशीत होता. आपण घरी मेज म्हणतो, खिडकीला जनेल म्हणतो, पाव म्हणतो, ते सगळं तिथल्या लोकांना कळतंय याचं त्याला अप्रूप वाटलं. बेकरीतल्या मुलीकडे त्याने पाव मागितला आणि तिने पावच दिला. पण त्यापुढे जाता येईना. तिथल्या मोठ्या दुकानात सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, माणसं मुकाट्याने वस्तू उचलतात, मुकाट्याने पैसे देतात. एकदा तिथल्या बाईने स्वतःहून त्याला पिवळी चिठ्ठी लावलेला पाव दाखवला, अर्ध्या किमतीचा. त्याने तो घेतला नाही. "मी मागितलं नाही आणि ती देतेय," तो मला म्हणाला, "म्हणजे शिळा असणार." शिळाच होता.

त्याची घुसमट बघून मुलीने एका शनिवारी आम्हाला जुन्या वस्तूंच्या बाजारात नेलं. एका टेकडीवर, चर्चच्या मागच्या मैदानात हा बाजार भरतो. जमिनीवर चादरी टाकून लोक जुने चष्मे, कपबशा, दारांच्या कड्या, फोटोंच्या चौकटी असलं सगळं मांडून बसलेले. कशावर चिठ्ठी नाही. नवरा थांबला, त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि मुलीला विचारलं, "महाग आहे, याला काय म्हणतात इथे?"

"मुइतु कारू," मुलगी म्हणाली.

तो ते पुटपुटत पुढे निघाला. एका झाडाखाली साधारण माझ्याच वयाची एक बाई खुर्ची टाकून बसली होती. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, हातात विणकामाची सुई. लोकांची घरं मोडताना जे सामान निघतं ते ती आणून विकायची, हे आम्हाला नंतर कळलं. तिच्यासमोर भिंतीत बसवायची एक फरशी होती, पांढऱ्यावर निळी नक्षी, मध्ये एक पक्षी. नवऱ्याने ती उचलली, उलटी केली, नखाने खरवडली. मुलीने भाव विचारला. बाई म्हणाली, पंधरा युरो.

नवऱ्याने मान हलवली. "मुइतु कारू," तो म्हणाला आणि पाच बोटं दाखवली. पाचाला ती नाही म्हणणार, मग कोपऱ्यातला टवका दाखवायचा, मग सहा म्हणायचं, मग निघून जायचं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

बाईने फरशीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इश्ता बें."

"काय म्हणते?" नवऱ्याने विचारलं.

"ठीक आहे म्हणते," मुलगी म्हणाली. "द्या पाच."

बाईने तोवर फरशी वर्तमानपत्रात गुंडाळायलाही घेतली होती. नवरा पाच बोटं तशीच धरून उभा राहिला. पैसे मी दिले.

घरी येताना फरशी त्याने माझ्याच हातात ठेवली. संध्याकाळी म्हणाला, "पाचाला लगेच दिली म्हणजे दोनाची होती." जावई भला माणूस. सासऱ्याला बरं वाटावं म्हणून त्याने इंटरनेटवर शोध घेतला आणि सांगितलं, की तसली जुनी फरशी दुकानात चाळीस युरोंना जाते. नवऱ्याने त्याच्याकडे दुखावल्यासारखं बघितलं. "म्हणजे त्या बाईला मी लुबाडलं?" आता त्याला दोन्हीकडून त्रास व्हायला लागला. सकाळी आपण फसलो असं वाटायचं आणि दुपारी आपण फसवलं असं. फरशी त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली. फिरायला चला म्हटलं तर पाय दुखतात म्हणायचा. मुलगी घाबरली. तिला वाटलं, हवा मानवली नाही.

दोन दिवसांनी बाल्कनीत बसलेला असताना तो आपण होऊन मला म्हणाला, "तिने एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं."

मी कापडवाल्याची मुलगी. मला यावर उपाय माहीत होता.

पुढच्या शनिवारी सकाळी भाजी आणायला जातो असं सांगून मी मुलीला घेऊन त्या बाजारात गेले. बाई झाडाखालीच होती. आज तिच्यासमोर एक पितळी खलबत्ता होता, चांगला जड. मी भाव विचारला. दहा युरो, ती म्हणाली. मग मी मुलीला सांगितलं, तिला म्हण, आम्ही हा दहालाच घेऊ, पण आत्ता नको. थोड्या वेळाने माझा नवरा येईल. त्याला तीस सांगायचे. तो कमी करायला सांगेल, तेव्हा नाही म्हणायचं. मग हळूहळू दहावर यायचं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आई, हे मी हिला कसं सांगू?"

"जसं आहे तसं सांग."

तिने सांगितलं. बाईने सुई खाली ठेवली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. तिने काहीतरी विचारलं. मुलीने तिचं बोलणं मला सांगितलं, "ती विचारतेय, तुमचे मिस्टर आजारी आहेत का?"

"नाही म्हणावं. गोव्याचे आहेत."

बाईने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तिच्या शंका सुरू झाल्या. नाही किती वेळा म्हणायचं? रागवायचं की हसत म्हणायचं? ते निघून गेले तर? मी तिला शिकवलं. भाव सांगताना त्याच्याकडे बघू नका. त्याने वस्तू हातात घेतली की थोड्या वेळाने ती काढून घ्या आणि फडक्याने पुसा, जणू तुम्हाला ती विकायचीच नाही. तो निघाला तर दहा पावलं जाऊ द्या, मग हाक मारा. आणि खरेदी केवढ्याला झाली ते मधून मधून सांगत राहा. बाई मान डोलवत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि याने त्यांना आनंद होईल?"

"फार," मी म्हणाले.

दुपारी मी नवऱ्याला म्हटलं, मला खलबत्ता हवाय, वेलची कुटायला. तो नाखुशीनेच निघाला. बाईला लांबून बघताच त्याची पावलं जड झाली. पण खलबत्ता बघून तो वाकला, त्याने उचलून वजन घेतलं, वाजवून पाहिला. समयांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात आयुष्य काढलेला माणूस, पितळ हातात आलं की तो सोडणार नाही हे मला माहीत होतं.

मुलीने भाव विचारला. बाई झाडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाली, "तीस."

नवऱ्याने चमकून मुलीकडे बघितलं. "तीस?"

"तीस म्हणते."

"मुइतु कारू," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आठ."

बाईने त्याच्या हातातून खलबत्ता काढून घेतला आणि पदर असता तर पदराने पुसला असता, तसा ॲप्रनने पुसायला लागली. "नांव," ती म्हणाली. नाही.

त्यानंतर जे झालं ते मी बाबांच्या दुकानातही फारसं बघितलेलं नाही. नवऱ्याने बुडाजवळची चीर दाखवली. बाईने सांगितलं, ती चीर शंभर वर्षं जुनी आहे. तो दहा म्हणाला, ती अठ्ठावीसवर आली. त्याने बत्ता मूळचा या खलाचा नाही असा आक्षेप घेतला. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, की हा तिच्या आजीचा आहे. सकाळी आम्हाला सांगताना तो एका वकिलाच्या घरून आलेला होता. मुलगी दोन्हीकडचं भाषांतर करून घामाघूम झाली. शेजारचे विक्रेते आपापल्या चादरी सोडून जवळ येऊन उभे राहिले. तेरा, सव्वीस, पंधरा, पंचवीस. मी बाईला डोळ्याने खुणावत होते, की आता पुरे, उतर खाली. ती माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. तिचे गाल लाल झाले होते.

नवरा निघाला. दहा पावलं गेला. बाईने हाक मारली नाही. पंधरा पावलं गेला, वीस गेला. तो चालायचा वेग कमी करत होता आणि ती शांतपणे सुई उचलून विणायला बसली. मीच कासावीस झाले. तो मैदानाच्या टोकाला पोचला, वळणार एवढ्यात ती उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बावीस."

तो परत आला आणि त्याने बावीस युरो मोजून दिले. बाईने खलबत्ता कागदात बांधला, वर सुतळी गुंडाळली. दोघांनी एकमेकांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती, पण दोघंही बोलत होते.

मी मागे राहून मुलीकरवी तिला विचारलं, अहो, दहावर यायचं ठरलं होतं ना? तिने खांदे उडवले. "तुम्हीच म्हणालात, त्यांना आनंद व्हायला हवा," ती म्हणाली. "आठ रुपये म्हणणाऱ्या माणसाला दहाला देणं बरं दिसलं नसतं." रुपये हा शब्द मुलीचा. बाई युरोच म्हणाली असणार.

त्या संध्याकाळी नवरा आम्हाला घेऊन नदीकाठी फिरायला गेला. पाय दुखत नव्हते. जावयाला त्याने सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, तिसातले आठ युरो कसे वाचवले ते. जावयाने इंटरनेट उघडलं नाही. तो शिकला होता.

खलबत्ता विमानतळावर तपासणीत अडकला. हातातल्या पिशवीत नेता येणार नाही म्हणाले, मग तो मोठ्या बॅगेत घालून तिच्या जास्तीच्या वजनाचे पैसे भरले. तिथेही नवऱ्याने काउंटरवरच्या मुलीला काही कमी होईल का विचारलं. काही झालं नाही. आता खलबत्ता डिचोलीत आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. वेलची मी अजून पाट्यावरच वाटते, कारण खलबत्ता वापरला तर त्याची चकाकी जाईल असं नवऱ्याचं म्हणणं आहे. फरशी त्याच कपाटात मागच्या बाजूला आहे. तिच्याविषयी कुणी विचारलं तर मुलीने दिली म्हणून सांगतो.

पण हे इथे संपलं नाही. दोनेक महिन्यांनी मुलीचा फोन आला. ती त्या बाजारावरून जात होती, तर बाईने तिला ओळखून थांबवलं. बाईचा धंदा बदलला होता. आता ती प्रत्येकाला तिप्पट भाव सांगायची आणि वाट बघायची. आदल्या आठवड्यात एक जर्मन पर्यटक आला, त्याने दिवा उचलला, तिने सांगितले ते पैसे काढून दिले आणि निघून गेला. बाई मुलीला म्हणाली, "एक शब्द बोलला नाही तो. माझा सगळा दिवस खराब गेला." मग तिने विचारलं, तुझे वडील परत कधी येणार? त्यांच्यासाठी एक लंबकाचं घड्याळ बाजूला ठेवलं आहे. ऐंशी युरो. त्यांना सांग, एकही कमी होणार नाही.

मुलीने हे हसत हसत सांगितलं. नवरा हसला नाही. "तिला म्हण, पंचवीस," तो म्हणाला.

तेव्हापासून हे चालू आहे. मुलगी महिन्यातून एखाद्या शनिवारी तिकडे जाते आणि तिथून फोन लावते. आपण यासाठी शिकलो नव्हतो, असं ती मला खासगीत म्हणते. पण जाते. एकदा बाईला बरं नव्हतं म्हणून ती बाजारात आली नाही, तर नवरा तो दिवसभर अस्वस्थ होता आणि शेवटी मुलीला म्हणाला, भाव चढवण्यासाठी करत असेल, पण तरी विचारपूस करून ये.

गेल्या शनिवारी आम्ही जेवून बसलो होतो तेव्हा फोन आला. बाई आता पासष्टवर आली होती. नवरा तिसावर होता.

"पप्पा, खरं सांगा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला ते घड्याळ हवंय का?"

"घरात तीन घड्याळं आहेत," नवरा म्हणाला.

"मग?"

"तिला पस्तीस म्हण. एकदम चाळीस म्हणू नकोस."

मुलीने सांगितलं असावं, कारण पलीकडून बाईचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मुलगी म्हणाली, "ती म्हणतेय, घड्याळाची चावी हरवली आहे. म्हणून साठ."

नवरा खुर्चीत सरळ बसला. "चावी हरवली," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "आणि हे आत्ता सांगते. मग तिसाच्या वर कशाला जायचं?"

त्याने फोन स्पीकरवर टाकला, चष्मा शोधून डोळ्यांवर लावला आणि मला टीव्ही बंद करायला सांगितला.